कार्डाची मागची बाजू पाहिली का?

गेल्या अंकात आपण सहज विचारलं होतं, की जुनी पोस्टकार्डं, नागपूरची चित्रं असलेली किंवा साधी सरकारी, कोणाकोणाच्या घरी आहेत आणि तुम्ही त्यांचं काय करताय. अनुभव कमी आले, प्रश्नच धडाधड आले. सगळे छापणं शक्य नाही, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत. काही प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कार्डांचा मोठा गठ्ठा सापडला. एकावर नागपूर स्टेशनचा फोटो आहे, तिकीट पण आहे, पण शिक्का इतका पुसट की तारीख लागत नाही. वर्ष कसं काढायचं?
(धरमपेठेतून एक ताई)

उत्तर : ताई, आधी कार्ड उलटं करा. सगळे जण चित्राकडेच बघत बसतात आणि वर्ष सांगणाऱ्या गोष्टी बहुतेक मागे असतात. पहिलं बघायचं तिकिटावर राजा कोण आहे ते. दाढी आहे, टक्कल आहे आणि डोक्यावर मुकुट घातलेला नाही तो सातवा एडवर्ड, त्याची तिकिटं इथे १९०२ पासून. दाढी आणि डोक्यावर मुकुट असेल तर पाचवा जॉर्ज, १९११ पासून पुढे. गुळगुळीत दाढी केलेला सहावा जॉर्ज आला १९३७ ला. आता इथे लोक फसतात, सहावा जॉर्ज दिसला की "स्वातंत्र्यापूर्वीचं कार्ड" असं लिहून मोकळे होतात, पण १९४७ नंतरही ती तिकिटं चालूच होती, आपली लेण्यादेवळांची नवीन मालिका आली ती १५ ऑगस्ट १९४९ ला. म्हणजे राजाच्या तिकिटावर "जय हिंद"चा शिक्का बसलेलं कार्ड मिळू शकतं, आणि असं मिळालं तर ते जपून ठेवा बाप्पा.

मग पत्ता वाचा. बाकी शहरवाल्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे. "नागपूर, सी.पी." (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर साधारण १९५० च्या आधीचं, कारण सी.पी. अँड बेरारचा मध्य प्रदेश झाला २६ जानेवारी १९५० ला आणि आपण त्या मध्य प्रदेशची राजधानी होतो, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. "नागपूर, एम.पी." म्हणजे १९५० ते ५६. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. घर महालातल्या त्याच गल्लीत, घरमालक तेच, पोस्टमन पण कदाचित तोच, आणि पत्त्यातलं राज्य दहाबारा वर्षांत तीनदा बदललं. फक्त एक सांभाळा, जुनी माणसं सवयीने पुढे कित्येक वर्षं सी.पी. लिहीतच राहिली, त्यामुळे पत्ता एकटा पुरावा धरू नका, तिकिटाशी ताडून बघा. आण्यांचं तिकीट की नव्या पैशांचं तेही बघा, नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि १९६४ मध्ये त्यातलं "नवे" गेलं. पिन कोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचंच.

आता चित्राकडे वळा. स्टेशनची आजची जी दगडी इमारत आहे, सावनेरच्या वालुकाश्माची, तिचं उद्घाटन गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी १५ जानेवारी १९२५ ला केलं. तीच इमारत दिसत असेल तर फोटो त्याच्या आधीचा नाही, विषय संपला. तसंच हायकोर्टाचा घुमट, ती इमारत १९४० ची. पण फोटो कधी काढला आणि कार्ड पोस्टात कधी पडलं या दोन वेगळ्या तारखा आहेत, दुकानदाराकडे गठ्ठा पडून असायचा आणि दहा वर्षांपूर्वीचा फोटो आरामात विकला जायचा. म्हणून तुमच्या वहीत दोन रकाने करा, "फोटो" आणि "टपाल", आणि नक्की माहीत नसेल तिथे "१९२५ नंतर, १९३७ च्या आधी" असं लिहा. एकच आकडा ठोकून देण्यापेक्षा हे बरं.

अजून एक, आजोबा रेल्वेत होते म्हणालात ना, तर शिक्क्यात "आरएमएस" अक्षरं दिसतात का ते भिंगाने बघा. ती रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे टपालाची छाननी ज्या यंत्रणेत गाडीत आणि स्टेशनांवर व्हायची ती. पुसट शिक्का वाचायला कार्ड खिडकीजवळ आडवं धरून फोनने फोटो काढा आणि फोनमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवा, किंवा रंग उलटे करून बघा, डोळ्यांना न दिसणारे अर्धे आकडे बऱ्याचदा असे दिसतात. शाई ओली करून किंवा खोडरबरने साफ करून शिक्का "उठवायला" जाऊ नका.

प्रश्न : आमच्याकडची सगळी साधी कार्डं मधोमध भोक पडलेली आहेत. जुन्या वस्तू घेणारा म्हणाला की डॅमेज माल आहे, कोणी घेणार नाही. काहींचा तर कोपराच फाटलेला. टाकून द्यायची का?
(महालमधून एक वाचक)

उत्तर : टाकायची कशाला भाऊ? ते भोक म्हणजे घरातल्या तारेचं. भिंतीला खिळा, खिळ्याला वर आकडा वळवलेली लोखंडी तार, आलेलं पत्र वाचून झालं की खस्सकन तारेत ओवायचं, ही आपल्याकडची फायलिंग सिस्टीम होती. वाण्याचं बिल, लाइटची पावती आणि मामाचं पत्र एकावर एक. त्या भोकाभोवती गंजाचा तपकिरी गोल असेल तर तो पण राहू द्या. आणि भोकाचा फायदा सांगतो, सगळी कार्डं तारेवरून काढली तशीच क्रमाने असतील तर तो क्रम मोडू नका, कारण साधारण खालचं जुनं आणि वरचं नवं असं ते लागलेलं असतं, आणि ज्या कार्डावर तारीख नाही त्याची तारीख शेजारच्या दोन कार्डांवरून काढता येते. बहुतेक लोक घरी आणल्या आणल्या "छान वेगळी करतात" आणि हा दुवाच तोडून टाकतात. पेन्सिलने मागे कोपऱ्यात हलका नंबर टाका, मग काय करायचं ते करा.

कोपरा फाटलेलं कार्ड आलं की घरातल्या बाया वाचायच्या आधीच समजून जायच्या. कोणीतरी गेल्याची खबर. वर "श्री" पण नसायचं. असं पत्र वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही अशी रीत, त्यामुळे ती फार कमी उरलीत. तुमच्याकडे ठेवली गेलीत म्हणजे ठेवणाऱ्याचं काहीतरी कारण असणार, घरातल्या थोरांना विचारून बघा. आणि कोपऱ्याला पिवळा डाग असेल तर पाण्याचा समजून पुसू नका, लग्नामुंजीच्या पत्राला हळदकुंकू लावायचे त्याचा आहे तो.

त्या घेणाऱ्याचं म्हणाल तर त्याच्या धंद्याच्या हिशोबाने तो बरोबर आहे, बाजारात कोरकरीत कार्डाला भाव. तुम्हाला विकायचंच असेल तर त्याचं ऐका.

प्रश्न : मी मूळचा सक्करदऱ्याचा, सध्या पुण्यात असतो. मुंबईची जुनी पिक्चर पोस्टकार्डं ऑनलाइन पाहिजे तेवढी दिसतात, नागपूरची का नाही मिळत? आणि जी दिसतात ती इंग्लंडमधल्या विक्रेत्यांकडेच कशी?
(पुण्यातून एक नागपूरकर)

उत्तर : कारण कार्ड घेणारा तिथला होता भाऊ. मुंबईला बोटी लागायच्या, उतरणारा चढणारा प्रत्येक साहेब दोनचार कार्डं घ्यायचा. आपल्याकडे टुरिस्ट नव्हता, पण कामठीला छावणी होती, १८२१ पासूनची, आणि तिथला गोरा सोल्जर घरी आईला, मैत्रिणीला कार्ड पाठवायचा. शिवाय मिशनरी, रेल्वेचे साहेब, सेक्रेटरिएटमधले अधिकारी. सगळी कार्डं गेली विलायतेला, तिथल्या माळ्यावर पडली, म्हातारी माणसं गेली की घरसामानासोबत विकली गेली, आणि आता परत आपल्याला पौंडात घ्यावी लागतात. आपल्या आज्यापणज्यांनी चित्राचं कार्ड घेतलंच नाही फारसं, पाव आण्यात साधं सरकारी कार्ड मिळत असताना कोण घेतो.

म्हणून नुसतं नागपूर टाकून शोधू नका. कामठी टाका, जुन्या इंग्रजी स्पेलिंगने सीताबर्डी टाका (दोन ई, दोन ओ, जेवढी अक्षरं जास्त तेवढं जुनं असं समजून चाला), "सेंट्रल प्रॉव्हिन्सेस" टाका. आणि पचमढी. ती सी.पी. सरकारची उन्हाळी राजधानी, तिथून पाठवलेल्या कार्डांत नागपूरच्या बदल्या, बंगले, उकाडा यांच्याच गप्पा असतात, आणि नागपूर शोधणारे तिकडे फिरकत नाहीत म्हणून ती पडून राहतात.

घ्यायच्या आधी भिंगातून बघायची सवय लावा. खरा फोटो कागदावर धुतलेला असेल तर ठिपके दिसत नाहीत, काळ्याचा करडा सलग होत जातो. छापील असेल तर ठिपक्यांची जाळी दिसते. आजकाल जुन्या कार्डाची कॉपी कलर प्रिंटरवर काढून, चहाच्या पाण्याने पिवळी करून विकणारे महाभाग आहेत, त्यात चित्रावरच्या डागाला सुद्धा छपाईचे ठिपके दिसतात, तिथे तो पकडला जातो. आणि रंगीत जुन्या कार्डांवरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका हो. पहिल्या महायुद्धाच्या आधीची कित्येक कार्डं जर्मनीत छापून यायची, काळ्यापांढऱ्या फोटोवर रंग भरणाऱ्याने नागपूर सात जन्मात पाहिलेलं नसायचं. मे महिन्यातला तलाव हिरवागार आणि मागे निळं आभाळ, असं कार्ड पाहून "तेव्हा किती झाडं होती" म्हणून उसासे टाकू नका.

प्रश्न : २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरीचं पाणी घरात शिरलं तेव्हा वडिलांचा कार्डांचा अल्बम भिजला. गडबडीत तसाच वाळवला. आता कार्डं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालीत. काही करता येईल का?
(अंबाझरी लेआउटमधून एक काका)

उत्तर : काका, पहिलं म्हणजे सुरी, पट्टी, हेअर ड्रायर, वाफ, यातलं काही नको. गठ्ठ्याचे चारी बाजूंनी आणि वरच्या खालच्या कार्डाचे फोटो काढून ठेवा. मग बघा चिकटलंय काय. खऱ्या फोटोच्या कार्डावर जिलेटिनचा थर असतो, तो ओला झाला की डिंकासारखा चिकटतो, पण स्वच्छ गार पाण्यात ठेवला तर बऱ्याचदा परत सुटतो पण. अट एकच, मागे शाईने लिहिलेलं नसावं. टाकाची, फाउंटन पेनची शाई पाण्यात गेली की मजकूर गेला, आणि माझ्या मते मजकूर चित्रापेक्षा महाग आहे. पेन्सिल टिकते, छापील पत्ता बहुतेक टिकतो. सगळ्यात कमी महत्त्वाचं एक कार्ड घेऊन करून बघा. शाई असेल, किंवा कार्डं चकचकीत छपाईची असतील, तर कागदाचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडेच न्या, तोपर्यंत आहे तसं ठेवा, वीट म्हणून पण ते टिकेल. (पुन्हा कधी भिजलं तर, देव करो न भिजो, लगेच वाळवायला जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो.)

बाकी वाचकांनीही ऐका, पूर कधीतरी येतो, कूलर दरवर्षी येतो. मार्च ते जून ज्या खोलीत कूलर चालतो तिथली हवा ओली, ती खोली कार्डांना नको. माळा तर नकोच, स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी असते, कागद पापडासारखा तडकतो. घरातल्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, त्यात मधला कप्पा. उग्र वास येणारे पीव्हीसीचे अल्बम आणि पाकिटं काढून टाका, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. डांबरगोळी कार्डांना लागून ठेवू नका. आणि लॅमिनेशन! ज्यांनी ज्यांनी "आम्ही सगळी लॅमिनेट करून घेतली" असं कौतुकाने लिहिलंय त्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही, निदान उरलेली करू नका.

प्रश्न : मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जुम्मा तलावाचं, मागे मिलची चिमणी दिसते ते जुनं कार्ड टाकलं. आठवड्याभरात तेच चित्र दुसऱ्याच्या नावाने माझ्याकडे फिरून आलं, खाली लिहिलेलं "तेलंगखेडी तलाव, १८५०". आता वॉटरमार्क टाकू का? कार्ड माझं आहे ना?
(मनीषनगरमधून एक वाचक)

उत्तर : कार्ड तुमचं, चित्र तुमचं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे २०१२ पर्यंत फोटो प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं हक्क राहायचा, त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, पण इतक्या जुन्या कार्डांवरचा हक्क जुन्या नियमानेच संपलेला, आता तो फोटो सगळ्यांचा. शंभर वर्षांपूर्वीच्या कार्डावर मधोमध स्वतःचं नाव ठोकणं म्हणजे तलावावर नाव लिहिण्यासारखं आहे. उलट मागच्या मजकुराचं जपा, पत्र कोणी लिहिलं त्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा हक्क असतो त्यावर, तो कार्डासोबत विकत मिळत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या सुनेची तक्रार, कोणाची उधारी, अमक्याच्या पोराला मिरगीचे झटके येतात, असं उघड्या कार्डावर लिहायचे लोक, आणि त्यांची नातवंडं आज तुमच्याच ग्रुपवर असू शकतात. चाळीसपन्नास वर्षांपूर्वीचं असेल तर मजकूर टाकूच नका, पत्त्यातलं घर नंबर आणि आडनाव झाका.

चुकीची माहिती फिरण्यावर वॉटरमार्क हे औषध नाहीच. औषध हे की माहिती चित्राच्या आतच बसवायची. ग्रुपवरचा मेसेज गळून पडतो आणि फोटो एकटा पुढे जातो, म्हणून स्कॅनच्या खाली पांढरी पट्टी जोडा आणि त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा : कार्डावर छापलंय काय, हाताने लिहिलंय काय, आणि तुमचा अंदाज काय. उदाहरणार्थ तुमच्या कार्डाला, "छापील : जुम्मा टँक. टपाल : पाचव्या जॉर्जचं तिकीट, शिक्का पुसट. अंदाज : चिमणी एम्प्रेस मिलची". पट्टी कापणारे कापतील, पण बहुतेक आळशी असतात. आणि १८५० म्हणणाऱ्याला भांडण न करता एवढंच कळवा की एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, त्यामुळे ती चिमणी असलेला फोटो १८५० चा असूच शकत नाही. मिल २००२ ला बंद पडली हे माहीत असलेले, तिथे कामाला असलेल्यांची पोरं ग्रुपवर नक्की असतील, त्यांना विचारा चिमणी कोणती ते. असं विचारलं की ग्रुप जागा होतो, नुसतं "जुनं नागपूर, सुंदर आठवणी" लिहिलं की हात जोडलेले इमोजी येतात आणि संपलं.

स्कॅन दोन्ही बाजूंनी, ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके). साडेतीन बाय साडेपाच इंचाच्या कार्डाची फाइल साधारण ३३०० बाय २१०० पिक्सेलची होते, मूळ तुमच्याकडे ठेवा, ग्रुपवर छोटी टाका. कडा कापू नका, कडेलाच प्रकाशकाचं नाव आणि नंबर असतो.

प्रश्न : शाळेतल्या मुलांकडून "तेव्हा आणि आता" असा प्रकल्प करून घेते आहे. जुन्या कार्डातली जागा सापडते पण फोटो जुळत नाही. कुठे उभं राहायचं हे कसं ठरवायचं?
(नंदनवनमधून एक शिक्षिका)

उत्तर : बाई, कार्डात दोन वस्तू निवडायला सांगा, एक जवळची, एक लांबची. समजा स्टेशनच्या पोर्चचा खांब आणि त्याच्या मागच्या भिंतीची खिडकी. कार्डात खिडकी खांबाच्या किती डावीकडे दिसते ते बघायचं आणि तसंच दिसेपर्यंत आपण आडवं सरकायचं, मग आकार जुळेपर्यंत पुढे मागे. झूम शेवटी. फोनमध्ये कार्डाचा फोटो अर्धा पारदर्शक ठेवणारे ॲप आहेत, पण आधी डोळ्यांनी करू द्या, पोट्ट्यांना मजा येते. गड्डीगोदामला हे जमणार नाही, तिथे खाली रस्ता, वर रेल्वे, त्याच्या वर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, जुन्या फोटोग्राफरची जागा बहुतेक खांबात गेली असेल. तसं असेल तर तसं लिहायचं, ते पण "आता"च आहे ना. महालातला गांधी दरवाजा सोपा पडेल, झिरो माइलचा खांब पण. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात, आत फोटोचं आधी विचारा. रस्त्याच्या मधोमध कोणाला उभं करू नका, तेव्हा तिथून टांगे जायचे.

प्रश्न : माझ्याकडे जुनं काहीच नाही, घ्यायला पैसे पण नाहीत. कॉलेजात आहे. मी काय जमवू?
(हिंगण्यातून एक विद्यार्थी)

उत्तर : आजचं जमव की. ज्या गल्लीतलं घर पडणार आहे, ज्या चौकात पूल येणार आहे, तिथला स्वतः फोटो काढ, कार्डाच्या मापात जाड कागदावर प्रिंट मार, मागे मधे उभी रेघ, उजवीकडे पत्ता, डावीकडे काय दिसतंय आणि कधी ते बॉलपेनने चार ओळीत. जेल पेन नको, पाण्याने पसरतं. तिकीट किती लागेल ते जीपीओत काउंटरला विचार, घरी छापलेल्या कार्डाचा दर साध्या कार्डापेक्षा वेगळा असू शकतो. पाठव स्वतःलाच किंवा मित्राला, आणि शिक्का स्वच्छ मारून द्या म्हणून विनंती कर, फिलाटेलीच्या (तिकिटं जमवणाऱ्यांसाठीच्या) काउंटरवरचे लोक हे समजून घेतात, गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नको. आणि पत्ता पूर्ण लिही बरं, गल्ली, वॉर्ड, पिन कोड सगळं, आणि राज्य पण लिही, महाराष्ट्र.